हार्ट अटॅकला तालुक्यातच ‘गाठ विरघळायचं’ इंजेक्शन देऊन मग नांदेडला पाठवलं, हे बरोबर झालं का? ते इंजेक्शन नेमकं करतं काय?

आधी तुमच्या काकांच्या रागाचं उत्तर देतो, बाकीचं नंतर. तालुक्याच्या डॉक्टरांनी केलं ते बरोबरच केलं.

तुम्ही लिहिलंय की किनवटकडं पहाटे अण्णांच्या छातीत दुखायला लागलं, सरकारी दवाखान्यात ईसीजीची पट्टी काढली, इंजेक्शन दिलं, तासभर ठेवून घेतलं आणि मग अँब्युलन्सने नांदेडला पाठवलं, इथं दुसऱ्या दिवशी अँजिओग्राफी (हृदयाच्या नळ्या आतून बघायची तपासणी) होऊन एक स्टेंट (नळी उघडी ठेवणारी बारीक जाळी) बसला, आणि आता घरात वाद चालूय की तो तास वाया गेला, थेट नांदेड गाठायला पाहिजे होतं, शेवटी स्टेंटच टाकायचा होता तर इंजेक्शन कशाला दिलं. वरून चुलतभावाने व्हॉट्सअ‍ॅपवर नॅटोकायनेज नावाच्या, सोयाबीनमधून काढलेल्या कॅप्सूलची जाहिरात पाठवलीय. मी नांदेडलाच एका हॉस्पिटलच्या सीसीयूमध्ये (हृदयाच्या पेशंटच्या अतिदक्षता विभागात) ब्रदर, म्हणजे पुरुष नर्स आहे, डॉक्टर नाही, तेवढं धरून वाचा. पण हे इंजेक्शन भरणं, लावणं आणि नंतर पेशंटच्या उशाशी उभं राहून मॉनिटर बघणं हे माझं रोजचं काम आहे.

आता मजा अशी की अण्णांची गाठ त्या इंजेक्शनने विरघळलीच नाही. ती विरघळली अण्णांच्या स्वतःच्या रक्तातल्या एका एन्झाइमने, त्याचं नाव प्लाझमिन. हा प्रोटीन तोडणारा एन्झाइम आहे. रक्ताची गाठ जी धरून ठेवते ना, ती फायब्रिन नावाच्या प्रोटीनच्या धाग्यांची जाळी असते, त्या जाळीत प्लेटलेट्स आणि लाल पेशी अडकून बसतात. प्लाझमिन हे धागे ठराविक ठिकाणी तोडत जातो आणि जाळी सुटली की गाठ तुकडे होऊन वाहून जाते. आपलं लिव्हर हा एन्झाइम बनवतं पण चालू स्थितीत बनवत नाही, प्लाझमिनोजेन म्हणून बंद अवस्थेत रक्तात सोडून देतं. तो चोवीस तास फिरत असतो, तुमच्यात, माझ्यात, सगळ्यांत. चालू करायचं काम रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तरातून निघणारं टीपीए नावाचं दुसरं प्रोटीन करतं, आणि तेही गाठीवर दोघं शेजारी शेजारी येऊन चिकटल्यावरच नीट करतं. म्हणजे जिथं गाठ तिथंच तोडफोड. चुकून एखादा प्लाझमिन सुटून मोकळ्या रक्तात आलाच तर अँटीप्लाझमिन त्याला सेकंदाच्या आत धरून निकामी करतं. नाहीतर विचार करा, प्रोटीन खाणारा एन्झाइम रक्तात मोकाट फिरला तर काय होईल.

मग अटॅकमध्ये ही व्यवस्था का कमी पडते, तर हृदयाला रक्त पुरवणाऱ्या नळीत चरबीचा जो थर असतो तो फाटला की तिथं मिनिटांत मोठी गाठ बसते आणि शरीराचं स्वतःचं टीपीए तेवढ्या वेळात पुरत नाही. शिवाय टीपीएला अडवणारं एक प्रोटीन असतं, पीएआय-१ म्हणतात, ते पहाटे सगळ्यात जास्त असतं आणि शुगर, पोटाचा घेर असलेल्या माणसांत तसंही वाढलेलं असतं. पहाटेच्या अटॅकची बाकी पण कारणं आहेत, तेव्हा बीपी वाढतं वगैरे, पण हे एक आहेच. अण्णांना शुगर आहे असं तुम्ही लिहिलंयच.

तुम्ही विचारलंय, हे इंजेक्शन आणि रक्त पातळ करायची गोळी एकच का. अजिबात नाही, आणि ही गल्लत शिकलेल्या लोकांची पण होते. सोयाबीन पेरल्याबरोबर मारतात ते तणनाशक तण उगवू नये म्हणून असतं, उगवलेल्या तणाला त्याचा उपयोग नाही, तिथं खुरपं घ्यावं लागतं. अ‍ॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, हेपारिन ही सगळी नवीन गाठ होऊ नये, आहे ती वाढू नये म्हणून. बसलेल्या फायब्रिनचे धागे त्यातलं एकही तोडत नाही. ते फक्त प्लाझमिन करतो. इंजेक्शनचं काम एवढंच की बंद अवस्थेतला प्लाझमिनोजेन एका दमात भरपूर चालू करून द्यायचा. त्यामुळं अटॅकमध्ये दोन्ही लागतात, एक दिलं म्हणून दुसरं नको असं नसतं.

अण्णांच्या कागदावर तुम्ही ‘एसटीके, १५ लाख युनिट’ वाचलंत, म्हणजे स्ट्रेप्टोकायनेज. याची गोष्ट मला लई आवडते. हे औषध निघालं जंतूतून. घसा दुखवणारा स्ट्रेप्टोकोकस, त्याच खानदानातला. १९३३ मध्ये अमेरिकेत टिलेट आणि गार्नर यांच्या लक्षात आलं की हा जंतू वाढवलेल्या पाण्यात असं काहीतरी आहे ज्याने माणसाच्या रक्ताची गाठ विरघळते. जंतू ते आपल्या भल्यासाठी थोडंच बनवतो, शरीर त्याच्याभोवती फायब्रिनचं कुंपण घालतं आणि त्याला ते फोडून पुढं पसरायचं असतं. पण गंमत बघा, त्याच्याकडे स्वतःचं तोडायचं हत्यार नाही. स्ट्रेप्टोकायनेज स्वतः एन्झाइमच नाही, ते आपल्या प्लाझमिनोजेनला जाऊन चिकटतं आणि ती जोडी मिळून बाकीचे प्लाझमिनोजेन चालू करत सुटते. आपलंच हत्यार आपल्यावर. टिलेट आणि शेरी यांनी १९४९ मध्ये छातीत साकळलेलं रक्त आणि पू मोकळा करायला ते माणसांत वापरलं, हृदयाकडं गाडी त्यानंतर वळली.

तरी कित्येक वर्षं डॉक्टर लोक साशंकच होते. १९८६ मध्ये इटलीत सुमारे ११,८०० पेशंटवर गिस्सी नावाची चाचणी झाली, स्ट्रेप्टोकायनेज मिळालेल्यांत तीन आठवड्यांत मृत्यूचं प्रमाण १०.७ टक्के आणि न मिळालेल्यांत १३ टक्के. वाचायला फरक बारीक वाटतो. पण दुखायला लागल्यापासून पहिल्या तासाभरात ज्यांना मिळालं त्यांच्यात मृत्यू जवळपास निम्म्याने कमी झाले, आणि उशीर होत गेला तसा फायदा आटत गेला. दोन वर्षांनी आयसिस-२ मध्ये १७,१८७ पेशंट घेतले, तिथं अ‍ॅस्पिरिन आणि स्ट्रेप्टोकायनेज दोन्ही मिळालेल्यांत पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांचे मृत्यू ८ टक्के, दोन्ही न मिळालेल्यांत १३.२ टक्के. साधी अ‍ॅस्पिरिन आणि जंतूतून निघालेलं एक इंजेक्शन, एवढ्यात.

काकांना सांगायचा मुद्दा इथंच आहे. गाठ जितकी ताजी तितका प्लाझमिन ती पटकन तोडतो. वेळ जाईल तसे फायब्रिनचे धागे एकमेकांना आणखी घट्ट जोडले जातात, त्यासाठी रक्तात वेगळा घटकच असतो, फॅक्टर तेरा, आणि गाठ चिवट होत जाते. तिकडं नळीच्या पुढचा हृदयाचा स्नायू मिनिटामिनिटाला मरत असतो, तो परत येत नाही. डॉक्टर लोकांचा नियम साधा आहे, पट्टीवर मोठा अटॅक दिसल्यापासून दोन तासांच्या आत थेट अँजिओप्लास्टी (फुग्याने नळी उघडून स्टेंट बसवणं) होणार असेल तर ती सगळ्यात चांगली, तिकडंच न्या. होणार नसेल तर जिथं आहात तिथंच इंजेक्शन द्या, आणि ते पण दहा-पंधरा मिनिटांत. किनवटहून नांदेडला किती वेळ लागतो तुम्हीच सांगा. रस्ता, अँब्युलन्स मिळणं, इथं आल्यावर कॅज्युल्टी, कागद, सह्या, टीमने कॅथलॅबला (अँजिओप्लास्टी करतात त्या खोलीत) पोहोचणं, साडेचार-पाच तास सहज. तोपर्यंत अण्णांची नळी बंदच राहिली असती. पुण्या-मुंबईतल्या नातेवाईकांना हे पटत नाही कारण त्यांच्या घरापासून कॅथलॅब वीस मिनिटांवर असते. आपल्याकडं भूम, किनवट, मुखेड, धर्माबाद इथल्या माणसासाठी तालुक्यातलं इंजेक्शन म्हणजे दुय्यम इलाज नाही, तोच पहिला इलाज आहे.

आणि तो तास वाया पण गेला नाही. स्ट्रेप्टोकायनेज एकदम शिरेत ढकलता येत नाही, १५ लाख युनिट सलाईनमध्ये मिसळून अर्ध्या ते एक तासात सोडायचं असतं. बाटलीत पांढरी पावडर असते, त्यात सलाईन घालून हलवायची नाही, फेस होतो, हळू गोल फिरवायची. घाईने सोडलं की बीपी धाडकन पडतं. असं बऱ्याचदा होतं, म्हणून एक हात ड्रिपच्या चाकावर आणि डोळा मॉनिटरवर, बीपी उतरलं की ड्रिप हळू करायची, पाय वर घ्यायचे, सलाईन वाढवायची, सावरलं की पुन्हा चालू. हलत्या अँब्युलन्समध्ये एकट्याने हे करणं सोपं नाही. तुम्ही म्हणता ‘इंजेक्शन चालू असताना मशीन एकदम वेडीवाकडी वाजायला लागली, आम्ही घाबरलो’, ती बहुतेक नळी उघडल्याची खूण होती. रक्त परत धावायला लागलं की हृदयाचे ठोके काही मिनिटं विचित्र पडतात, आम्ही त्यावर लक्ष ठेवतो पण मनातून बरं वाटतं. पक्कं उत्तर दीड तासाने काढलेल्या पट्टीत मिळतं, वर उचललेली रेघ निम्म्याहून जास्त खाली बसली आणि छातीतलं दुखणं थांबलं तर काम झालं. तुमच्या फोटोतल्या दोन पट्ट्या शेजारी ठेवून काकांना दाखवा, फरक डोळ्यांनी दिसतो.

स्टेंट मग कशाला, तर प्लाझमिन फक्त फायब्रिन तोडतो. गाठीखाली जो फाटलेला चरबीचा थर आहे, ज्याने नळी आधीच अरुंद केलीय, त्याला तो हातही लावत नाही. तो थर तसाच राहिला तर त्याच जागेवर पुन्हा गाठ बसायची भीती असते. म्हणून इंजेक्शनने नळी उघडायची आणि साधारण दोन ते चोवीस तासांत अँजिओग्राफी करून जागा बघायची, गरज असेल तर स्टेंट, ही ठरलेलीच पद्धत आहे. दोन्ही मिळून एक इलाज आहे.

आता कौतुक पुरे, याच्या मर्यादा पण सांगतो. स्ट्रेप्टोकायनेजने दर वेळी नळी उघडतेच असं नाही. १९९३ च्या गस्टो चाचणीत ४१,०२१ पेशंट होते, त्यातल्या काहींची अँजिओग्राफी करून बघितलं, तर दीड तासाला पूर्ण प्रवाह सुरू झालेले स्ट्रेप्टोकायनेजवाले तीसेक टक्के आणि टीपीएवाले ५४ टक्के. टीपीए म्हणजे तेच आपल्या अस्तरातलं प्रोटीन, कारखान्यात बनवलेलं. ते गाठीवर जाऊन काम करतं, स्ट्रेप्टोकायनेज सगळीकडच्या प्लाझमिनोजेनला उठवतं, त्यामुळं रक्तातलं फायब्रिनोजेन, म्हणजे ज्यापासून फायब्रिन बनतं ते, पण खाऊन टाकलं जातं. टीपीएचंच सुधारलेलं रूप म्हणजे टेनेक्टेप्लेज, हल्ली हेच जास्त वापरलं जातं, पुण्याची जेनोव्हा कंपनी पण बनवते. वजनावरून डोस, एकाच दमात पाच-दहा सेकंदांत शिरेतून, संपलं काम. फक्त लाइनमध्ये ग्लुकोजची सलाईन चालू असेल तर ती आधी साध्या सलाईनने धुऊन घ्यायची, नाहीतर औषध नळीतच साका धरतं. नवीन पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो. किमतीत मात्र जमीन-अस्मान, स्ट्रेप्टोकायनेज काही हजारांत आणि हे त्याच्या कितीतरी पट, म्हणून खेड्यापाड्यात अजून जुनंच चालतं आणि चालू दे, वेळेवर दिलेलं स्वस्त औषध चार तास उशिरा दिलेल्या महागड्यापेक्षा बरं.

दुसरं म्हणजे रक्तस्राव. प्लाझमिनला चांगली गाठ आणि वाईट गाठ कळत नाही. हृदयातली गाठ तोडतो तशी आठवड्यापूर्वीच्या ऑपरेशनच्या टाक्याखालची पण तोडतो. हिरड्यातून, सुई टोचलेल्या जागेतून रक्त येणं किरकोळ, खरी भीती मेंदूत रक्तस्राव व्हायची, ती शंभरात एकाच्या आसपास किंवा त्याहून थोडी कमी, पण झाली तर फार वाईट. त्यासाठीच डॉक्टरांनी तुम्हाला आधी तो प्रश्नांचा मारा केला ना, डोक्याला मार लागलाय का, कधी लकवा मारला होता का, काळी शी होते का, ऑपरेशन झालंय का, बीपी किती असतं, आणि मग सही घेतली. त्या वेळी नातेवाइकांना वाटतं माणूस मरायलाय आणि हे चौकशा करायलेत. त्या चौकशाच माणूस वाचवतात. आणि प्रत्येक अटॅकला हे इंजेक्शन नसतं, पट्टीवर विशिष्ट बदल दिसला, म्हणजे नळी पूर्ण बंद आहे असं वाटलं तरच. अर्धवट बंद असलेल्या अटॅकमध्ये गाठ मुख्यतः प्लेटलेट्सची असते, तिथं फायदा नाही आणि धोका मात्र पूर्ण. शेजारच्या माणसाला दिलं नाही म्हणून डॉक्टरशी भांडू नका.

लकव्याबद्दल दोन ओळी, कारण एन्झाइम तोच आणि आपल्याकडं इथंच सगळ्यात जास्त माणसं हुकतात. मेंदूच्या नळीत गाठ बसून लकवा झाला तर टीपीए किंवा टेनेक्टेप्लेज (स्ट्रेप्टोकायनेज नाही) साडेचार तासांच्या आत देता येतं, पण आधी सीटी स्कॅन हवाच, कारण लकवा रक्तस्रावाने झाला असेल आणि त्यात हे दिलं तर माणूस गेलाच. तोंड वाकडं झालं, हात उचलेना, बोबडं बोलायला लागला की आपल्याकडं अजून पण आधी लकव्याचं गावठी औषध देणाऱ्याकडं नेतात, तेल चोळतात, आणि दुसऱ्या दिवशी आमच्याकडं आणतात. दुसऱ्या दिवशी प्लाझमिनला करण्यासारखं काही उरलेलं नसतं.

कोविडमध्ये घराघरात पाठ झालेला डी-डायमर आठवतो का? तो म्हणजे प्लाझमिनने तोडलेल्या फायब्रिनचा तुकडा. रक्तात तो वाढला म्हणजे कुठंतरी गाठी होतायत आणि तुटतायत. अण्णांच्या रिपोर्टमध्ये इंजेक्शननंतरचा डी-डायमर भरमसाट आलाय म्हणून तुम्ही घाबरलात, पण तो तसाच यायला पाहिजे, तोडलेल्या जाळीचे तुकडे जाणार कुठं.

आणि याच एन्झाइमला उलट अडवायचं औषध पण तुमच्या घरात कधी ना कधी येऊन गेलं असणार, ट्रॅनेक्झामिक अ‍ॅसिड. जपानच्या उताको ओकामोतो आणि त्यांचे पती शोसुके यांनी १९६२ मध्ये ते पुढं आणलं. ते प्लाझमिनला फायब्रिनवर बसू देत नाही, म्हणून झालेली गाठ टिकते. बाळंतपणात अति रक्त जायला लागलं की हे शिरेतून देतात, २०१७ च्या मोठ्या चाचणीत २०,०६० बायकांवर बघितलं, बाळंतपणानंतर तीन तासांच्या आत दिलं तर रक्तस्रावाने होणारे मृत्यू जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याने कमी झाले. पाळीत जास्त जातं म्हणून, चेहऱ्यावरच्या वांगासाठी म्हणून त्याच्या गोळ्या देतात. तुमच्यासाठी हे अशासाठी लिहितोय की अण्णांना मूळव्याध आहे म्हणता. स्टेंटनंतरच्या दोन गोळ्यांमुळं कधी रक्त जास्त गेलं तर मेडिकलवाल्याला विचारून परस्पर ट्रॅनेक्साची पट्टी आणू नका, स्टेंटवाल्या माणसाला ते द्यायचं की नाही हे हृदयाच्या डॉक्टरांनाच ठरवू द्या. आणि मूळव्याधीसाठी म्हणून अ‍ॅस्पिरिन-क्लोपिडोग्रेल मनाने बंद तर अजिबात करायचं नाही, पहिल्या वर्षात तर नाहीच, स्टेंट बंद पडतो.

राहिलं नॅटोकायनेज. ते आंबवलेल्या सोयाबीनमधून, जपानी नॅट्टोतून निघतं, प्रोटीन तोडतं हे खरं, काचेच्या नळीत फायब्रिनही तोडतं. पण तोंडाने घेतलेला एन्झाइम हे स्वतःच एक प्रोटीन, पोटात गेल्यावर त्याचं पचन होणार, रक्तात किती पोहोचणार याचा भरवसा नाही, आणि अटॅकमध्ये किंवा स्टेंटनंतर गोळ्यांच्या जागी ते चालतं असं कुठल्याही मोठ्या चाचणीने दाखवलेलं नाही. दोन गोळ्यांच्या जोडीला घेतलं तर रक्तस्राव वाढायची शंका उरते ती वेगळीच. चुलतभावाला म्हणावं आपल्याच शेतात सोयाबीन आहे, ते विकून गोळ्या आण.

एक काम मात्र आजच करा. डिस्चार्ज कार्डावर स्ट्रेप्टोकायनेज आणि तारीख लिहिलेली आहे का बघा, नसेल तर तालुक्याच्या रेफर चिठ्ठीचा फोटो काढून अण्णांच्या आणि तुमच्या दोघांच्या मोबाइलमध्ये ठेवा. औषध जंतूचं असल्यामुळं चार-पाच दिवसांतच शरीर त्याच्याविरुद्ध अँटिबॉडी बनवतं आणि त्या वर्षानुवर्षं राहतात, दुसऱ्यांदा दिलं तर काम नीट होत नाही, अ‍ॅलर्जी येऊ शकते. देव न करो, पण पुन्हा कधी छातीत दुखलं तर समोरच्या डॉक्टरला पहिल्या मिनिटात सांगा, ‘यांना एसटीके दिलेलं आहे’, म्हणजे ते टेनेक्टेप्लेज मागवतील नाहीतर सरळ कॅथलॅबला पाठवतील.